सिन्नरच्या वहिनी

“पंच्याऐंशी,” शैला म्हणाली.

तिने हात वर केला नाही की मान वळवली नाही. भाजीवालीकडे पाव किलो गवार मागावी तितक्याच आवाजात म्हणाली. दोन रांगा पुढे बसलेल्या ढुंढिराजअण्णांचे खांदे किंचित वर गेले.

“सिन्नरच्या वहिनींचे पंच्याऐंशी!” टेबलामागून झुंबरशेठ ओरडले. “अण्णा, राघू उडाला बरं का तुमचा! पंच्याऐंशी एक...”

“नव्वद.”

“पंच्याण्णव.”

झुंबरशेठनी चष्मा नाकावरून कपाळावर सरकवला. शैलाने पर्सच्या कडीकडे पाहिलं आणि ती गप्प झाली.

“शंभर,” अण्णा म्हणाले. आवाज जरा चिरकला.

हातोडी टेबलावर आपटली. दोन राघू पाठीला पाठ लावून बसलेत अशा घडणीचा पितळी अडकित्ता अण्णांचा झाला. त्यांनी मागे वळून शैलाला हात जोडले. जिंकलेल्या माणसाची सगळी खुशी त्या हातांत होती, आणि हरलेल्याबद्दलची थोडी माया.

शैलाला राघू नको होता. तिथलं काहीच तिला नको होतं. चष्मा कपाळावर गेला की थांबायचं, एवढंच तिचं काम होतं, आणि त्याचे शेठ तिला दर लिलावाला तीस रुपये देत.

नाशिकला भद्रकालीमागच्या एका धर्मशाळेच्या सभागृहात महिन्याच्या पहिल्या रविवारी हा लिलाव भरायचा. जुनी नाणी, खिशातली घड्याळं, समया, ग्रामोफोनचे कर्णे, पानाचे डबे, अडकित्ते. कुणाच्या घरात वाटण्या झाल्या, कुणी गाव सोडून चाललं, की माल शेठकडे यायचा. एकोणऐंशी साली शेठ सिन्नरला एका विडीच्या वखारीत जुने तराजू बघायला गेले, तेव्हा शैला तिथे विड्या तपासत होती. बाया जुड्या घेऊन यायच्या. ती एकेक जुडी चिमटीत दाबून बघायची आणि सैल असेल ती बाजूला टाकायची. बाया भांडायच्या, रडायच्या, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. हिचा आवाज चढायचा नाही की उतरायचा नाही.

“बाई, या आवाजाला भाव आहे,” शेठ म्हणाले होते. “लिलावात पुरुषानं बोली चढवली तर समोरचा पुरुष विचार करतो. बाईनं चढवली की विचार करत नाही. मागं हटायची लाज वाटते त्याला. तुम्ही फक्त बसायचं आणि बोलायचं.”

पहिल्या दिवशी शेठ सभागृहाला एवढंच म्हणाले, “या, सिन्नरच्या वहिनी आल्यात.” बाकीचं लोकांनी स्वतःच रचलं. सिन्नर म्हणजे विडी, विडी म्हणजे कारखाना, कारखाना म्हणजे मेलेला नवरा, मोठा बंगला आणि त्यात एकटी बाई, जिला जुन्या वस्तूंचा नाद. शैलाचं लग्न झालंच नव्हतं. आईचं दुखणं काढता काढता ती पस्तिशी ओलांडून गेली. भाऊ सुरतेला असायचा, दिवाळीला त्याचं कार्ड यायचं. स्टॅंडमागे एक खोली होती; संध्याकाळी ती कुलूप काढायची तेव्हा त्या आवाजाला आतून कुणी ‘आलीस का?’ म्हणायचं नाही.

“ताई, पयल्या रविवारी येवडी नटून कुठं वं जाता?” वखारीतली भागीबाई जुड्या मोजायला देताना विचारायची. “कुनी हाय का नाशकाला?”

“मावशी आहे माझी.”

“मावशीला भेटाया रेशमी लुगडं? आमाला बी दावा की ती मावशी. मिशा हायेत का तिला?”

बाया खदाखदा हसायच्या. शैलाही हसायची. महिन्यातून एकदा कुणीतरी आपल्याबद्दल असा संशय घ्यावा, हे तिला मनातून आवडायचं.

एकदा लिलावानंतर चहा पिताना तिने शेठना विचारलं होतं, “हे तुम्हाला परवडतं का हो?”

“काय?”

“मला पैसे देऊन खोट्या बोल्या लावणं.”

शेठनी बशीत चहा ओतला. “खरं सांगू? धड परवडत नाही. किंमत चढते ती मालकाची. मला त्यातला दहावा हिस्सा. आणि कधी समोरचा अवचित थांबला, की नग तुमच्या गळ्यात पडतो. त्याचं कमिशन बुडालं, वर मालकाला थाप मारावी लागते की गिऱ्हाईक फिरलं. तोच नग पुढच्या महिन्यात आणला तर लोक ओळखतात. सगळं धरलं तर तुमचे तीस रुपये कसेबसे सुटतात.”

“मग कशाला?”

“गप्प सभागृहात कुणी पहिलं तोंड उघडत नाही, बाई. माणसाला वस्तू हवी असते, पण ती दुसऱ्यालाही हवीय हे कळल्याशिवाय त्याचा स्वतःवर विश्वास बसत नाही. तो दुसरा मी पुरवतो.”

ढुंढिराजअण्णा पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. नाशकातच, द्वारकेच्या नाक्याजवळ एका गल्लीत दोन खोल्या. लिलाव संपला की ते शैलाबरोबर द्वारकेपर्यंत चालत यायचे, कारण सिन्नरची एसटी तिथे थांबायची. स्टॉपसमोर ट्रकवाल्यांचं चहाचं दुकान होतं. तिथे बसून ते नवा अडकित्ता रुमालातून बाहेर काढायचे. दुपट्यातून तान्हं मूल बाहेर काढावं तसे, आधी डोकं, मग बाकीचा.

“आमचं घर पंचवटीतलं. यात्रेकरूंचं. वडील सगळ्यांची श्राद्धं-पक्ष करायचे,” ते सांगायचे. “मी सात-आठ वर्षांचा असेन. लोक ओट्यावर बसून सुपारी कातरायचे. मी अडकित्ता बघून गाव ओळखायचो. हा वऱ्हाडचा, हा कोकणातला, हा गुजरातेतनं आला. लोक चकित व्हायचे, हातावर खडीसाखर ठेवायचे. आता कोण कातरतंय सुपारी? पुडी फाडली, तोंडात टाकली.” मग एकदम विचारायचे, “तुमच्याकडे किती झाले आता?”

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा शैलाच्या तोंडून निघून गेलं होतं, “असतील साठेक.”

“साठ!” अण्णांनी कपाळाला हात लावला होता. “मी एकेचाळिसावर आहे. तरीच तुम्ही इतक्या शांत असता. तुमच्याकडे माझ्यासारखी भूक नाही.”

त्या दिवसापासून तिला परत फिरता आलं नाही. कधी तिला वाटायचं, पुढच्या वेळी आधीच थांबावं, म्हातारा बिचारा पेन्शनवर जगतो. एक-दोनदा थांबलीही. झुंबरशेठनी डोळे मोठे केले ते सोडा. पण त्या दिवशी वस्तू स्वस्तात मिळूनही अण्णा द्वारकेपर्यंत गप्प चालले.

“तुम्हाला तो मोर आवडला नाही का?” शेवटी त्यांनी विचारलं. “काही खोट आहे का त्यात? मला दिसली नाही.”

“नाही हो. चांगला आहे.”

“मग सोडलात कशाला? वहिनी, तुम्ही नसता तर हे सगळं मी निम्म्या पैशात नेलं असतं, कबूल आहे. पण घरी जाऊन झोप लागली नसती. शेजारी म्हणतात, म्हातारा पितळेवर पेन्शन उधळतो. मी म्हणतो, सिन्नरला एक बाई आहे, तिलाही कळतं हे. म्हणजे माझं वेड माझ्या एकट्याचं नाही.”

एसटी आली. शैला खिडकीशी बसली आणि अण्णा धुरळ्यात हात हलवत उभे राहिले. त्यानंतर ती कधी आधी थांबली नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी घोडीचा अडकित्ता आला. मान वाकवून उभी असलेली घोडी, आयाळीचा केस न् केस कोरलेला, पाठीवर इवलासा स्वार. शैला एकशे पस्तीसपर्यंत गेली आणि अण्णांनी एकशे चाळीसला ती घेतली. चहाच्या दुकानात त्यांनी ती तीनदा रुमालातून काढून पाहिली. त्यांनी शैलाला भजी खायला घातली. आपल्यामुळे कुणी इतका आनंदात आहे, हे तिला त्या दिवशी इतकं खरं वाटलं की त्यातलं खोटं ती सिन्नर येईपर्यंत विसरली.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात अण्णांनी सांगितलं, “विकतोय सगळं.”

ते चहाच्या पेल्याला चाचपून हात लावत होते. काचबिंदू होता. डाव्या डोळ्याने दिसायचं बंद झालं होतं, उजव्याचा भरवसा नव्हता.

“पेठला पुतणी असते माझी, सुधा. शाळेत शिक्षिका आहे. ये म्हणते. चांगली आहे पोर. पण तिचं घर एवढंसं, नवरा, दोन मुलं. मला तिच्या ओसरीत वळकटी टाकून राहायचं नाही. परसात जागा आहे, तिथे एक खोली बांधायची. पत्र्याची का होईना, आपली. गवंड्यानं आकडा सांगितलाय. मी जेवढ्याला हे अडकित्ते घेतले त्याच्या निम्मे आले तरी खोली उभी राहते.”

शैलाने पेला खाली ठेवला. “अण्णा, विकू नका.”

“आता दिसत नाही मला नक्षी. ठेवून काय करू?”

“मग लिलावात नका घालू. दुसरं कुणी बघा. इतका भाव येणार नाही.”

अण्णांनी उजवा डोळा बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि ते मोठ्याने हसले. “वा, वहिनी! मला घाबरवून घरबसल्या स्वस्तात न्यायचा बेत आहे होय? पक्क्या विडीवाल्या!”

“तसं नाही हो...”

“तुम्ही असाल ना त्या दिवशी?”

“मी असेन. पण...”

“मग येईल भाव,” अण्णा म्हणाले. “तुमच्याकडे गेले तर मला दुःख नाही. जाणत्या हातात गेले म्हणेन.”

तेव्हा सांगायला हवं होतं. वाक्य तिच्या जिभेवर होतं, अगदी लहान वाक्य. पण ते सांगितलं असतं तर ती सिन्नरची वहिनी उरली नसती, एवढंच नाही. द्वारकेच्या त्या बाकावर अण्णा इतकी वर्षं एकटेच बसले होते, असं झालं असतं. सिन्नरची गाडी आली आणि ती उठली.

लिलावाच्या सकाळी ती लवकर पोचली. झुंबरशेठ नगांना चिठ्ठ्या बांधत होते.

“शेठ, अण्णांना सांगा ना. मागे घेऊ द्या त्यांना माल.”

“काय सांगू?”

“की भाव येणार नाही.”

“मला काय आनंद आहे का?” शेठ चिडले, पण आवाज खाली ठेवून. “बाई, अडकित्त्यांचा बाजार म्हणजे कोण होतं? तुम्ही आणि ते. तुम्ही खोट्या, ते खरे. एकच गिऱ्हाईक होतं या गावात, आणि आज तेच विकायला बसलंय. मी त्यांना दोनदा म्हटलं, थोडं थांबा. ते म्हणाले, सिन्नरच्या वहिनी आहेत ना. आता पुढचं सांगायचं तर चार वर्षांचं सगळं सांगावं लागेल. तुम्ही सांगता?”

शैलाने टेबलावरची एक चिठ्ठी सरळ केली.

“आणि आज तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुमच्यावर बोली थांबली तर म्हाताऱ्याला मी पैसे कुठून देऊ? आज गप्प बसायचे तीस रुपये.”

अण्णा विकणारे असल्यामुळे त्यांची खुर्ची आज बाजूला भिंतीला लावून ठेवली होती. इतकी वर्षं शैलाने बोलीच्या वेळी त्यांची पाठ पाहिली होती. आज चेहरा दिसत होता. इस्त्रीचा कोट, दाढी नीट केलेली, हनुवटीवर एक लहानसा काप.

“अण्णांच्या संग्रहातला मोर!” शेठनी सुरुवात केली. “चला, पन्नास? चाळीस? कुणीतरी बोला. तीस?”

मागच्या बाकावरून मोडीचा व्यापारी चिमाजी उठला. तो भांडी बाजारात जुनं पितळ वजनावर घ्यायचा. त्याने मोर तळहातावर झेलला. “बारा.”

सभागृह हसलं. अण्णाही हसले, पैलवानांच्या आधी पोरांच्या कुस्त्या लागतात तसं त्यांना वाटलं असावं. त्यांनी शैलाच्या दिशेने मान वळवली आणि वाट पाहिली.

“बारा एक. बारा दोन.”

शैला पर्सकडे बघत होती. हातोडी आपटली. अण्णांचं हसू लगेच गेलं नाही. पाहुणे गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले तरी माणूस दारात उभा राहतो, तसं ते थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं.

कोकणातला गेला अकराला. हत्ती गेला पंधराला. प्रत्येक वेळी अण्णा तिच्याकडे वळायचे, एसटीची पाटी वाचायला पुढे झुकावं तसे झुकायचे, आणि प्रत्येक वेळी चिमाजीच्या पोत्यात पितळ वाजायचं. राघू अठराला गेले तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते आपल्या गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडे बघत होते. ते बघणं तिला सहन होत होतं. न बघणं झालं नाही.

“ही घोडी,” शेठ म्हणाले. त्यांनाही आता घाई झाली होती.

“पंचवीस,” चिमाजी म्हणाला. “वजनाला बरी हाय. नक्षी फुकट.”

“पंचवीस एक. पंचवीस दोन...”

“एकशे चाळीस,” शैला म्हणाली.

सभागृहात कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं. झुंबरशेठनी झटकन चष्मा कपाळावर नेला. शैलाने त्या चष्म्याकडे सरळ पाहिलं.

“एकशे चाळीस. माझे.”

“आवो वहिनी,” चिमाजी ओरडला, “पंचविसाच्या वर कोन गेलंय? सव्वीस म्हना की! मी काय पाठीमागं लागलोय व्हय तुमच्या?”

आता सगळेच हसले. शेठही नाइलाजाने हसले आणि त्यांनी हातोडी टेकवली. फक्त अण्णा हसले नाहीत. ते शैलाकडे बघत होते, आणि अंधूक दिसणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट जवळ येता येता ओळखू यावी तसा त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

उरलेले नग वजनावर गेले. लोक पांगले. खिडकीजवळच्या टेबलाशी शैलाने पर्स उघडली. त्या महिन्याचा पगार ती सिन्नरहून निघताना जसाच्या तसा घेऊन आली होती. कशासाठी, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. शेठनी नोटा घेतल्या, अण्णांच्या पैशांत मिसळल्या. त्या गड्डीत खोलीचा दरवाजासुद्धा आला नसता.

“पुढच्या महिन्यापासून येऊ नका, बाई,” शेठ हळू म्हणाले. रागावून नाही.

“नाही येणार.”

शेठ बाजूला झाले. अण्णा भिंतीला हात लावत टेबलापाशी आले. घोडी त्यांच्या हातात होती, जुन्या धोतराच्या फडक्यात.

“मी हिला एकशे चाळीसलाच घेतलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“तुम्ही एकशे पस्तीसवर थांबलात.”

“हो, अण्णा.”

“मला वाटलं, तुमचा हात आखडला.” त्यांनी फडक्याची गाठ चाचपली. “वहिनी, खरं सांगा. तुमच्याकडे अडकित्ते किती आहेत?”

“हा पहिलाच.”

बाहेर रस्त्यावर कुणी हातगाडी ढकलत गेलं. ते रागावतील, ओरडतील, असं शैलाला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. अण्णांनी नुसती मान हलवली, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. फडकं सोडलं. घोडीच्या मानेवरून, आयाळीवरून अंगठा फिरवला, पातं उघडून मिटून बघितलं. बिजागरी नीट चालत होती.

“खोबरेल लावा मधूनमधून,” ते म्हणाले. “गोडं तेल लावू नका, चिकट होतं.”

“लावीन.”

तिने हात पुढे केला. अण्णांनी तिच्या हातात घोडी दिली नाही. ती टेबलावर ठेवली, मान तिच्याकडे करून.

“अडकित्ता हातात देत नाहीत,” ते म्हणाले. “देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं.”

आणि आपला हात मागे घेऊन, ती उचलेपर्यंत ते थांबले.